एकोणीस क्रमांकाची नोंद

छत्तीस कागद तपासून झाले तरी लाल पेनाचे टोपण उघडावे लागले नव्हते, हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आले. शिक्षकांच्या खोलीत, खिडकीलगतच्या एक पाय आखूड असलेल्या टेबलापाशी बसून त्याने गठ्ठा पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळला. प्रश्न एकच होता: इंग्रजीच्या पुस्तकातल्या सहाव्या धड्यातला माणूस भावाच्या घरापर्यंत जाऊन परत का फिरला? आणि उत्तरही एकच होते. त्याला अभिमान आडवा आला, स्वतःची चूक त्याला कबूल करायची नव्हती. छत्तीस हस्ताक्षरे, तीन रंगांची शाई, कोणी पूर्णविराम विसरलेले, कोणी अभिमानाखाली दुहेरी रेघ ओढलेली. फरक म्हणावा तर तेवढाच. तीन दिवसांपूर्वी, सोमवारी, याच प्रश्नाला याच वर्गाने नऊ तऱ्हेची उत्तरे दिली होती. दुसरा कोणी असता तर त्याने या प्रगतीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. क्षणभर त्यालाही बरे वाटले, आणि मग संशय आला. गेली वीस वर्षे तो भौतिकशास्त्र शिकवत होता आणि मुलांकडून लंबकाचा प्रयोग करून घेत होता. छत्तीस मुलांनी लंबकाच्या आंदोलनाला लागणारा वेळ मोजला आणि छत्तीसही आकडे दशांशापर्यंत तंतोतंत जुळले, तर मुले हुशार आहेत असा त्याचा अर्थ होत नाही; मुलांनी लंबक हलवलाच नाही, असा होतो. खऱ्या मोजमापात विखुरलेपण असते. कोणाचा अंगठा घड्याळावर उशिरा पडतो, कोणाचा डोळा तिरका पाहतो, कोणाचा दोरा जरा ताणलेला असतो. जिथे विखुरलेपण नाही तिथे आकडे कोणीतरी बनवलेले असतात. इथे ते कोणी बनवले होते, हे शोधायला त्याला खुर्चीवरून उठायचीही गरज नव्हती.

हे सारे ओढवले ते इंग्रजीच्या बाईंच्या घशामुळे. त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली, महिनाभर तोंडातून अक्षरही काढायचे नाही अशी तंबी मिळाली, आणि मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकावर फिरवलेले बोट त्याच्या रिकाम्या तासांवर येऊन थांबले. ‘शिकवायचं काही नाहीये हो,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘वर्षभराचं सगळं शिकवून झालंय. दोन कविता, चार गोष्टी, एक एकांकिका. तुम्ही नुसती उजळणी घ्या. पुढच्या सोमवारी त्यांची परीक्षा आहे, आणि मोकळं सोडलं तर ती पोरं छप्पर डोक्यावर घेतील.’ नकार द्यायला कारण हवे होते आणि त्याच्याकडे होती ती नुसती नावड. भूगोलाच्या मास्तरांना ही बातमी लागली तेव्हा त्यांनी चहाचा कप हातात घेऊनच त्याला गाठले. मुले पाठीमागे त्याला व्हर्नियर म्हणत, मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणाऱ्या त्या उपकरणाच्या नावाने, आणि मास्तर तोंडावर म्हणत. ‘काय व्हर्नियर, कविता मोजायला घेतल्यात म्हणे. लांबी की रुंदी?’ ‘आधी वजन बघतो,’ तो म्हणाला, ‘काहींना ते नसतंच.’ खोलीत हशा पिकला होता आणि त्यालाही स्वतःचे बोलणे आवडले होते. आता ते आठवताना कान किंचित गरम झाले.

त्याची पद्धत सरळ होती. साहित्यात बरोबर उत्तर कसे ठरते, हे त्याला ठाऊक नव्हते. पण अज्ञात राशीचे मूल्य कसे काढतात हे ठाऊक होते. पुष्कळ नोंदी घ्यायच्या, त्यांची गर्दी कुठे होते ते पाहायचे, आणि गर्दीपासून फार लांब पडलेली नोंद निरीक्षणातली चूक समजून बाजूला काढायची. सोमवारी त्याने फळ्यावर कोष्टक आखले. अभिमान एकवीस, लाज पाच, भीती तीन, थकवा दोन, आणि मग एकेक उत्तराच्या पाच तऱ्हा. पैकी चार कशाबशा कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसल्या. राहिली एकोणीस क्रमांकाच्या मुलीची. तिने लिहिले होते की तो माणूस परत फिरला असे म्हणणेच चूक आहे. तो भाऊ जिवंत आहे की नाही ते पाहायला आला होता, खिडकीत दिवा लागलेला त्याने पाहिला, आणि काम झाल्यावर माणूस घरी जातो. त्याने पट्टी लावून त्यावर सरळ रेघ ओढली होती. समासात लिहिले होते, ‘गर्दीबाहेर’. रेघ ओढताना मनात राग नव्हता, तुच्छता नव्हती, काहीच नव्हते. आणि आज नेमके तेच त्याला बोचत होते. मग फळ्यावर अभिमानाभोवती चौकट काढून तो वर्गाला म्हणाला होता, ‘हे धरून चला.’ वर्गाने धरले. आजच्या गठ्ठ्यातला एकोणिसावा कागद त्याने वर काढला. अभिमान आडवा आला. चूक कबूल करायची नव्हती. अक्षर तिचेच, नेहमीचे, उजवीकडे कललेले. हीच ती मुलगी, जिने गेल्या वर्षी स्प्रिंगच्या प्रयोगात वजन काढल्यावर स्प्रिंग मूळ लांबीला परत येत नसल्याचे एकटीने लिहिले होते, बाकी पस्तीस जण पुस्तकातले वाक्य उतरवून मोकळे झाले असताना. तेव्हा त्याने ती वही वर्गभर फिरवली होती. तेव्हा तिची वेगळी नोंद त्याला नोंद वाटली होती आणि आता चूक, एवढाच फरक. आणि या फरकाचे कोणतेही शास्त्रीय कारण त्याला देता येईना.

मधल्या सुट्टीत ती नळापाशी बाटली भरत होती. त्याने कागद पुढे धरला.

‘हे तूच लिहिलंयस?’

‘हो सर. काही चुकलं का?’

‘सोमवारी वेगळं लिहिलं होतंस.’

‘ते चुकलं होतं ना. तुम्ही रेघ मारली होती.’ बाटली भरून वाहायला लागली होती; तिने नळ बंद केला. ‘मी घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, सर काय सांगतात ते लिही, त्या माणसाच्या मनात काय होतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. मार्क मिळाल्याशी कारण.’

‘आणि तुला काय वाटतं? त्या माणसाबद्दल?’

तिने खरोखर विचार केला, हे त्याला दिसले. आत जाऊन, शोधून, रिकाम्या हाताने परत आल्यासारखी ती म्हणाली, ‘आता काही वाटत नाही, सर.’

या बोलण्यात तक्रार नव्हती. खोलीचे तापमान सांगावे तसे तिने सांगितले आणि बाटलीचे झाकण लावून ती निघून गेली. तो नळापाशी उभा राहिला. परीक्षा सोमवारी होती, मध्ये शुक्रवारचा एक तास. आणि चार दिवसांत त्याने पट्टीने एका मुलीच्या डोक्यातली एक खिडकी बंद करून दाखवली होती. प्रयोग यशस्वी झाला होता. पुन्हा करायला घेतला तरी हाच निष्कर्ष आला असता. पस्तीस इतरांचे काय झाले, हे तर त्याने मोजलेही नव्हते.

शाळा सुटल्यावर तो इंग्रजीच्या बाईंच्या घरी गेला. दार त्यांच्या यजमानांनी उघडले. ‘या, या. फक्त तिला बोलायला लावू नका. लग्नाला चोवीस वर्षं झाली, घरात इतकी शांतता पहिल्यांदाच अनुभवतोय.’ आतून टेबलावर पेन्सिल आपटल्याचा आवाज आला. बाई गळ्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळून बसल्या होत्या आणि समोर कोऱ्या कागदांची चवड होती. त्याने सगळे सांगितले, क्रमाने, प्रयोगाचा अहवाल द्यावा तसे: पद्धत, निरीक्षणे, निष्कर्ष, आणि शेवटी नळापाशी झालेले संभाषण. बाई मध्येच एकदा हसल्या, आवाज न करता, आणि मग हसल्या नाहीत. त्यांनी लिहिले: ‘किती जणांनी गोष्ट वाचली?’

‘सगळ्यांनी. तुम्ही शिकवलीत ना.’

‘तुम्ही?’

‘वाचली की. म्हणजे प्रश्नाला लागणारी माहिती काढून घेतली.’

पेन्सिल बराच वेळ कागदाच्या वर थांबली आणि खाली न येता बाजूला ठेवली गेली. त्याला ते उत्तर कळले.

‘एवढंच सांगा,’ तो म्हणाला, ‘बरोबर उत्तर कोणतं? तुम्हाला तर माहीत असेल.’

बाईंनी एक ओळ लिहिली, खोडली, दुसरी लिहिली. ‘सतरा वर्षं शिकवतेय, दर वर्षी बदलतं. परीक्षेत कोणतंही चालतं. गोष्टीतली ओळ पुरावा म्हणून द्यावी लागते, तिलाच गुण असतात.’

‘मग हे मला आधी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही फोनवर मेसेज करून विचारलंत, कुठले धडे. ते कळवले.’ आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात: ‘शिवाय माझा आवाज गेलेला आहे.’

यजमान चहा घेऊन आले, कागद त्यांनी डोकावून वाचला आणि म्हणाले, ‘लेखी सुद्धा टोमणाच मारते बघा.’ तो हसला. पण पुरावा हा शब्द कुणाकडून ऐकावा लागला, याचे आश्चर्य चहासोबत घशाखाली उतरेना. आपण मते मोजली होती. तीस मुलांनी लंबक दोन सेकंदांचा आहे असे मत दिले, म्हणून तो दोन सेकंदांचा होत नाही, हे तो दर वर्षी जून ते मार्च ओरडून सांगत असे.

बसथांब्यावरच्या बाकावर त्याने पुस्तक उघडले आणि गोष्ट वाचली. चार पानांची होती. दोन बसगाड्या गेल्या, त्याने मान वर केली नाही. गोष्टीत अभिमान हा शब्द कुठेच नव्हता. एक माणूस होता, त्याचे धुळीने भरलेले बूट होते, दोन दिवसांचा प्रवास होता. एक घर, वरच्या मजल्यावर चार खिडक्या, डावीकडून तिसरीत दिवा. माणूस उभा राहतो, बघतो, आणि जातो. अशा उभ्या राहणाऱ्या एका माणसाला तो ओळखत होता, आणि ही ओळख गेल्या चार दिवसांत त्याच्या डोक्यात एकदाही आली नव्हती, हेही आता नोंदवणे भाग होते. त्याचे वडील पाण्याच्या मीटरांची नोंद घेत. रोज शंभर-सव्वाशे घरे, खांद्याला पिशवी, कानाला पेन्सिल. फाटकाशी वाकायचे, झाकण उचलायचे, आकडा लिहायचा आणि पुढे चालायचे. दार वाजवायचे नाही, कारण आतल्या माणसांशी आपले काही काम नसते. घर बंद असले आणि मीटर आत असला की त्यांच्याबरोबरचे लोक मागच्या महिन्यांवरून सरासरी लावून मोकळे होत. वडील तसे करत नसत. त्याच घरी चार चार खेपा घालत, आणि त्यापायी संध्याकाळी उशिरा येत, आणि त्यापायी आईची बोलणी खात. ‘सरासरी लावली की पाणी कुठे गळतंय ते कधीच कळत नाही,’ ते म्हणत. ‘जो आकडा विचित्र दिसतो ना, गळती तिथेच असते.’ लहानपणी हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकले होते की ते घरातल्या सामानासारखे झाले होते. असते, पण दिसत नाही. सतराव्या वर्षी, शिकायला शहरात जायचे की वडिलांच्या खात्यात चिकटायचे यावरून, दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. तो गेला. आठ महिने पत्र नाही, निरोप नाही. मग एका सकाळी वसतिगृहाच्या रखवालदाराने त्याला हटकले. ‘काल तुझे वडील आले होते रे. आत या म्हटलं तर नको म्हणाले. तुझी खोली कुठली ते विचारलं, समोरच्या पायरीवर उभे राहिले थोडा वेळ आणि गेले.’ त्याने तेव्हाच ठरवून टाकले होते: ताठा. इतक्या लांब येऊनही दोन पायऱ्या चढवल्या नाहीत त्या माणसाला. पुढे बोलणे सुरू झाले, येणेजाणे झाले, पण या भेटीचा विषय त्याने काढला नाही आणि त्यांनीही नाही. आणि तो काढता येण्याजोगी वर्षेही मग फार उरली नाहीत. तीस वर्षे त्याच्याजवळ या प्रसंगाची एकच नोंद होती आणि ती त्याने स्वतः, आतला आकडा न बघता, बाहेरून लावलेली होती. बंद घराला सरासरी. एका चौदा वर्षांच्या मुलीने दुसरी नोंद त्याच्यासमोर ठेवली, तर तिच्यावर त्याने रेघ मारली. तिसरी बस आली. तो चढला. काहीही सिद्ध झाले नव्हते, हे तो स्वतःला बजावत होता. खिडकीत दिवा पाहायला आलेला माणूस आणि पायरी न चढणारा ताठ माणूस, दोघे बाहेरून अगदी सारखेच दिसतात. पण सारखे दिसतात, हेच तर इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

शुक्रवारी तो वर्गात शिरला आणि फळा पुसला. मग वर्गाकडे तोंड करून, प्रयोगशाळेत काच फुटली की ज्या आवाजात सूचना देतो त्याच आवाजात, तो म्हणाला, ‘सोमवारी मी एक चूक केली. या प्रश्नाचं उत्तर मी मतं मोजून ठरवलं. उत्तर गोष्टीत शोधायचं असतं, गर्दीत नाही. फळ्यावर काढलेली ती चौकट रद्द. एकोणीस क्रमांकाच्या उत्तरावर मारलेली रेघही रद्द.’

वर्गात कुजबूज सुरू झाली. शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, ज्याला सगळे जिराफ म्हणत, उभा राहिला. ‘सर, म्हणजे आता तिचं बरोबर आणि आमचं चूक?’

‘तसंही नाही.’

‘मग सगळ्यांचं बरोबर?’

‘तसं तर मुळीच नाही. ज्याच्याजवळ ओळ आहे त्याचं.’

‘सर, परीक्षा सोमवारी आहे,’ पुढच्या बाकावरून कोणीतरी कळवळून म्हणाले, ‘आता नका ना बदलू.’ त्या आवाजातली काळजी खरी होती आणि तिला जबाबदार तोच होता. ‘इंग्रजीच्या बाईंना विचारून आलोय,’ तो म्हणाला. ‘गुण पुराव्याला आहेत. अभिमान लिहायचा तर खुशाल लिहा, फक्त तो कुठल्या ओळीत दिसला ते दाखवा.’ मग तो तिच्याकडे वळला. सोमवारचा कागद त्याने आणला होता, तो तिच्या बाकावर ठेवला. ‘सांग. तुझं उत्तर तू सांग.’

ती उभी राहिली. रेघेखालून स्वतःचे अक्षर वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्याला वाटले, झाले, उशीर झाला.

‘सर, मला हे पटत नाही,’ ती म्हणाली.

‘रेघ?’

‘नाही. उत्तर. माझंच.’ वर्ग हसला. ती हसली नाही. ‘याला दिवा दिसला, म्हणजे भाऊ आहे हे याला कळलं. पण भावाला काय कळलं? तो आत बसलाय, त्याला पत्ताच नाही कोणी आलं होतं ते. मग काम झालं कसं? अर्धंच झालं.’

‘अभिमानच तो,’ जिराफ म्हणाला.

‘अभिमान असता तर दोन दिवस प्रवास करून आला असता का?’

‘का नाही? अभिमानही असतो आणि प्रवासही करतात. माझी आत्या दर वर्षी येते आणि दर वर्षी न बोलता जाते.’

हशा ओसरेपर्यंत तो थांबला. हातातला खडू त्याने फळ्याच्या कडेला ठेवून दिला. आपण तिला तिचे उत्तर परत करायला आलो होतो आणि ती ते घ्यायला तयार नाही, हे त्याच्या ध्यानात येत होते, आणि त्याबरोबर काहीतरी सैल होत होते, बरगड्यांच्या आत, नक्की कुठे ते सांगता न येण्यासारखे. ‘पुरावा?’ त्याने विचारले. आवाज कोरडा ठेवायला त्याला प्रयास पडले. ‘भावाला कळलं नाही, याला पुरावा?’

तिने पुस्तक उघडले. पाने मागे गेली, पुढे आली. बोट ओळीवरून सरकत होते. आता आणखी चार-पाच जणांनी पुस्तके उघडली होती, आणि जिराफ उभ्या उभ्याच शेजाऱ्याच्या पुस्तकात वाकून पाहत होता. ‘हे इथे,’ ती म्हणाली, ‘शेवटच्या पानावर. तो येतो तेव्हा फाटक उघडं असतं. आणि जाताना...’ ती थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी मनात. ‘जाताना तो फाटक लावून घेतो. कडी घालतो.’ तिने मान वर केली, पण त्याच्याकडे पाहिले नाही. कुणाकडेच पाहिले नाही. ‘थांबा सर. म्हणजे सकाळी भाऊ उठेल तेव्हा फाटक लावलेलं दिसेल. त्याने तर उघडं ठेवलं होतं. मग त्याला कळेल. कोणीतरी... थांबा हं.’

तो थांबला. आणि त्या थांबण्यात रखवालदाराच्या बोलण्याचा एक तुकडा तीस वर्षांनी वर आला, इतक्या सहज की तो कधी बुडालाच नसावा. तुझे वडील भारी नियमाचे आहेत, रखवालदार म्हणाला होता. आत यायचं नाही म्हणाले, पण भेटीला येणाऱ्यांची वही मागून घेतली. वहीत वडिलांच्या त्या सरळ, घट्ट, गावच्या सगळ्या फाटकांशी वाकून लिहिलेल्या अक्षरात नोंद होती: नाव, कोणाकडे, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आतच न गेलेल्या माणसाने वहीत लिहायचे काही कारण नव्हते. खात्याची सवय, असे म्हणून त्याने तेव्हा पान उलटले होते. सवय असेलही. वडील जिथे गेले तिथे नोंद करत, हे खरेच होते. पण वही ते मागून घेत नसत. ती त्यांची स्वतःची असे, पिशवीत.

‘सर,’ ती म्हणत होती, ‘मला दुसरा कागद मिळेल? हे नीट लिहून बघते.’

त्याने कागद दिला. मग जिराफाने हात पुढे केला, ‘मलाही द्या, माझ्या आत्यासाठी पुरावा सापडलाय.’ मग पुढच्या बाकावरचा काळजीवाला, मग खिडकीकडची रांग, आणि तो बाकांमधून कागद वाटत मागेपर्यंत गेला. कोणीतरी कोणाच्या तरी कागदात डोकावले तेव्हा त्याने नुसते त्याच्या खांद्यावर बोट ठेवले. वर्ग एकदम आत गेला, आपापल्या आत, पेने चालू लागली, आणि त्या आवाजात एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

‘सर, वेळ किती?’ मागून कोणी विचारले.

‘तास संपेपर्यंत,’ तो म्हणाला, आणि मग, तिच्या उजवीकडे कलत चाललेल्या अक्षरांकडे पाहत, ‘किंवा होईपर्यंत.’